चालू वाहतुकीत इंटरचेंज पाडून पुन्हा बांधताना

महामार्गावरचं इंटरचेंज, म्हणजे दोन महामार्गांना पूल आणि चढ-उताराच्या रस्त्यांनी (रॅम्पनी) जोडणारी रचना, पाडून नव्याने बांधायचं आणि त्या काळात रस्ता मात्र चालू ठेवायचा, असं काम अंगावर आलं की सुरुवात कुठून करायची हेच समजत नाही. मानकांची पुस्तकं असतात. बॅरिकेडची उंची, फलकाचा आकार, रस्त्यावर ठेवायच्या प्लास्टिकच्या कोनांमधलं अंतर हे सगळं त्यांत मिळतं. पण पाण्याच्या लाइनीचं शटडाऊन चार महिने मिळालं नाही तर पुढच्या सगळ्या तारखांचं काय करायचं, ते कुठे लिहिलेलं नसतं. अशा एका कामावर वाहतूक नियोजनाची जबाबदारी माझ्याकडे होती. पहिल्या मोजणीपासून अंतिम बिलापर्यंत साडेचार वर्षं गेली. गेल्या महिन्यात फाइल बंद झाली. ज्यांच्यासमोर असं काम आता येऊ घातलंय, त्यांच्यासाठी घडलं तसं लिहिते आहे.

आमचं जुनं इंटरचेंज चार लूपचं होतं, म्हणजे क्लोव्हरलीफ. एक महामार्ग वरून, दुसरा खालून आणि चारही कोपऱ्यांत एकेक गोल लूप. कुठेही सिग्नल नाही, कोणी कोणासमोर येत नाही. अडचण असते ती शेजारशेजारच्या दोन लूपच्या मधल्या तुकड्यात. एका लूपवरून महामार्गावर येणारी गाडी आणि पुढच्या लूपवर उतरू पाहणारी गाडी, दोघींना तेवढ्याच दीड-दोनशे मीटरमध्ये एकमेकींची वाट ओलांडायची असते. गाड्या कमी असतात तोवर निभावतं. वाढल्या की आत येणारे थबकतात, उतरणारे ब्रेक मारतात आणि त्यांच्या मागे सरळ जाणारी लेनही तुंबते. अशा रचनेचं अमेरिकेतलं पहिलं इंटरचेंज १९२९ मध्ये न्यू जर्सी राज्यात वुडब्रिजला झालं. तिथलीही लूपची रचना पुढे बदलावीच लागली. आमच्याकडे भर म्हणून मधल्या पुलाचीच अवस्था वाईट होती. बेअरिंग, म्हणजे पूल ज्यांवर टेकतो ते आधार, झिजलेली, स्लॅबच्या खालचं काँक्रीट सुटून सळ्या उघड्या पडलेल्या.

उपाय ठरला तो असा: कर्णावरचे, म्हणजे तिरक्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतले, दोन लूप काढून त्यांच्या जागी उंचावरून जाणारे थेट रॅम्प करायचे आणि मधला पूल पाडून रुंद बांधायचा. कर्णावरचे दोन लूप गेले की आत येणारा आणि बाहेर पडणारा यांची गाठच पडत नाही. कागदावर हे एका परिच्छेदात मावतं. प्रत्यक्षात मात्र जे पाडायचं त्याच्याच खालून आणि वरून दिवसभर गाड्या धावत असतात.

मोजणी फेब्रुवारीत सुरू केली. सुट्ट्या आणि परीक्षा टाळून सलग सात दिवस, चोवीस तास, दर पंधरा मिनिटांचे आकडे घेतले आणि प्रत्येक वळणाचे वेगळे. इथे एक गोष्ट आवर्जून सांगते. दिवसाला एकूण किती वाहनं जातात हा आकडा बैठकीत छान दिसतो, पण नियोजनाला त्याचा उपयोग फार थोडा. कोण कुठून येतो आणि कुठे वळतो, ते हवं. आम्ही कॅमेऱ्यांनी नंबरप्लेट जुळवून ते काढलं. संध्याकाळच्या गर्दीतला एक मोठा हिस्सा एका लूपने महामार्गावर चढून पुढच्याच लूपने उतरत होता. ही लांबच्या पल्ल्याची वाहनं नव्हती. समांतर रस्त्यावरचे दोन सिग्नल नीट चालत नव्हते, म्हणून लोक महामार्गाला वळसा घालत होते. त्यामुळे पहिला खर्च आम्ही पुलावर केलाच नाही. समांतर रस्त्याचे खड्डे बुजवले, कडेचं पार्किंग हटवलं, दोन्ही सिग्नलच्या वेळा नव्याने बसवल्या. हे सगळं मुख्य निविदेत घालण्याऐवजी आधीच्या छोट्या निविदेत घातलं, म्हणून काम सुरू होण्याच्या वेळी पर्यायी रस्ता तयार होता. मुख्य ठेकेदाराच्या यादीत असतं, तर तो रस्ता सगळ्यात शेवटी झाला असता.

आकड्यांमधली आणखी एक गोष्ट वरिष्ठांना पटवायला वेळ लागला. तीन लेनपैकी एक बंद केली तर क्षमता एक तृतीयांशाने घटते, असा सर्वांचा समज असतो. मोकळ्या महामार्गावर एक लेन तासाला २,२०० हून अधिक मोटारी काढू शकते. कामाच्या जागेला खेटून जाणारी लेन साधारण १,६०० काढते. अवजड वाहनं, चढ आणि अरुंद लेन असेल तर त्याहून कमी. म्हणजे तीनातली एक लेन बंद केली की साधारण निम्मी क्षमता जाते. हा हिशेब एका पानावर मांडून प्रत्येक बैठकीत पुढे ठेवत गेले. दिवसा एक लेन घेऊ द्या, अशी मागणी त्यानंतर हळूहळू थांबली.

मग परवानग्या. या टप्प्याला सव्वा वर्ष लागलं आणि या काळात जमिनीच्या वर काहीही दिसत नव्हतं. रस्ता प्राधिकरण, वाहतूक पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका सेवा, बससेवा, वीज, पाणी, गॅस, फायबर केबल. प्रत्येकाची फाइल वेगळी आणि प्रत्येक जण दुसऱ्याची मंजुरी आधी मागणारा. पोलिसांना वाहतूक वळवण्याचा अंतिम आराखडा हवा. तो आराखडा पाण्याची लाइन कुठे सरकते यावर अवलंबून. पाणीवाल्यांना खोदाईची पोलीस परवानगी आधी हवी. कोंडी सुटली ती एका साध्या कागदाने. सर्व खात्यांना एकत्र बसवून 'तत्त्वतः मंजुरी' अशी एक पानी नोंद केली, प्रत्येकाने आपली अट त्यात लिहिली आणि त्याच बैठकीत सह्या घेतल्या. बैठकीचं इतिवृत्त मागाहून पाठवू म्हटलं की तीन आठवडे गेलेच. लॅपटॉप आणि छोटा प्रिंटर घेऊन जा, इतिवृत्त तिथेच छापा, तिथेच सही घ्या. इतकं साधं काम, पण यातून आमचे महिने वाचले.

जमिनीखालच्या लाइनींच्या नकाशांवर भरवसा ठेवू नका. आमच्याकडे एक केबल नकाशातल्या जागेपासून इतकी दूर निघाली की ती नेमकी नव्या खांबाच्या पायाखाली येत होती. नकाशा काढणाऱ्याने तेव्हा जे ठरलं होतं ते काढलेलं असतं. खोदणाऱ्याने पुढे दगड लागला म्हणून वाट बदललेली असते. प्रत्येक खांबाच्या जागी हाताने चाचणी खड्डे घ्या. यंत्राने नको. या खड्ड्यांचा खर्च अंदाजपत्रकात दिसणारही नाही इतका कमी असतो.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचं वाटलेलं काम म्हणजे टप्प्यांचा आराखडा. पुलाच्या डिझाइन टीमने बांधकामाच्या सोयीने नऊ टप्पे केले होते. प्रत्येक टप्प्याला गाड्यांची वाट बदलणार, म्हणजे नऊ वेळा. माझं ठाम मत होतं आणि आजही आहे की चालक वाईट रचनेला जुळवून घेतो, पण सतत बदलणाऱ्या रचनेला नाही. रोज जाणारा माणूस चौथ्या-पाचव्या दिवसापासून फलक वाचत नाही. तो हाताला लागलेल्या सवयीने गाडी चालवतो. बदल केला की ती सवयच त्याला चुकीच्या लेनमध्ये नेते. म्हणून बदलानंतरचे पहिले काही दिवस जोखमीचे. नऊ बदल म्हणजे तसे नऊ आठवडे.

यावर डिझाइनच्या लोकांशी बरीच ओढाताण झाली. नऊचे पाच करायचे तर एका रॅम्पचा मधला खांब काढून गाळा, म्हणजे दोन खांबांमधला पुलाचा भाग, लांबवावा लागत होता आणि काँक्रीटऐवजी स्टीलचे गर्डर, म्हणजे मोठ्या तुळया, घ्यावे लागत होते. स्टील महाग पडतं. वित्त विभागाने विचारलं, ‘चार बदल वाचवायला एवढे पैसे?’ प्रश्न रास्त होता. आम्ही प्रत्येक टप्प्यातली रोजची रखडपट्टी, म्हणजे गाड्यांची संख्या गुणिले वाया जाणारा वेळ, पैशात मांडून दाखवली. शिवाय कारखान्यात तयार होऊन आलेला गर्डर रात्री उचलून बसवता येतो. जागेवर ओतायच्या काँक्रीटसाठी खाली टेकू लावावे लागतात, आणि ते टेकू नेमके खालच्या महामार्गाच्या लेनमध्ये येतात. काँक्रीटची पूर्ण ताकद २८ दिवसांची धरतात. टेकू त्याआधी काढता आले तरी ते काही एका रात्रीत निघत नाहीत. शेवटी मान्यता मिळाली ती टेकूंच्या मुद्द्यावर. वाचलेल्या वेळेच्या पैशाचा तक्ता कोणी फारसा वाचला असेल असं मला वाटत नाही, पण तो फाइलला असल्यामुळे सही करणाऱ्याला आधार मिळाला.

सगळा पूल शेजारी बांधून एका फटक्यात आत सरकवता येईल का, हेही तपासलं. बीजिंगमध्ये सान्युआन पुलाचा वरचा भाग २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये ४३ तासांत बदलला होता, आणि त्याचं उदाहरण प्रत्येक बैठकीत कोणीतरी द्यायचंच. पण त्यासाठी शेजारी तेवढी मोकळी जागा लागते. नवा पूल तिथे उभा राहायला हवा आणि त्याला वाहून नेणाऱ्या यंत्राला वळायला वाव हवा. आमच्याकडे लूपच्या आतल्या जागेत नवे रॅम्प येत होते. जागा उरतच नव्हती.

निविदेच्या कागदांबद्दल थोडं. वाहतूक व्यवस्थापन ही बाब बहुतेक निविदांमध्ये एकरकमी असते. एकरकमी म्हटलं की ठेकेदाराचा फायदा कोन, दिवे आणि माणसं कमी लावण्यात असतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही. कागदच तसा आहे. आम्ही ती बाब मोडून मोजमापाची केली: फलक प्रतिदिन, काँक्रीट बॅरिअर प्रतिमीटर, फ्लॅगमन (झेंडा दाखवून गाड्यांना थांबवणारा माणूस) प्रतिपाळी, टोइंग ट्रक प्रतितास. मोजणीपुस्तकं वाढली, दर महिन्याला बिल तपासायला दोन दिवस जायला लागले, पण तुटलेला कोन त्याच रात्री बदलला जायचा, कारण नसलेल्या कोनाचे पैसे मिळत नव्हते. दुसरी अट म्हणजे लेन परत द्यायला उशीर झाला तर दर पंधरा मिनिटांना दंड, आणि टप्पा आधी संपवला तर बक्षीस. १९९४ मध्ये लॉस एंजेलिसच्या नॉर्थरिज भूकंपात पडलेले सांता मोनिका फ्रीवेचे पूल ठरलेल्या मुदतीच्या ७४ दिवस आधी पुन्हा उभे राहिले, त्यामागे दिवसाला दोन लाख डॉलरचं बक्षीस होतं. आमचं बक्षीस त्या मानाने किरकोळ. पण ठेकेदाराने दुसरी क्रेन स्वतःहून आणली, ती त्या अटीमुळे.

पहिला बदल एका शनिवारी रात्री ठेवला. शुक्रवार रात्र टाळली, कारण शुक्रवारी उशिरापर्यंत गर्दी असते. रविवारी गाड्या कमी, त्यामुळे सोमवारच्या आधी चुका दुरुस्त करायला एक दिवस हातात राहतो. लेन बंद करताना गाड्यांना शेजारच्या लेनमध्ये सरकवणारी तिरकी कोनांची ओळ, म्हणजे टेपर, किती लांब असावी याचं सूत्र सोपं आहे: लेनची रुंदी मीटरमध्ये, गुणिले ताशी वेग, गुणिले ०.६२. साडेतीन मीटरची लेन आणि ताशी ८० किलोमीटर वेग म्हटलं तर सुमारे १७४ मीटर. जागेवर उभं राहिलं की एवढी लांबी उगाच वाटते आणि कोणीतरी म्हणतंच, ‘मॅडम, शंभर पुरे.’ ताशी ८० ने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. शंभर मीटर म्हणजे पाच सेकंदसुद्धा नाहीत, आणि तेवढ्यात आरशात बघून शेजारच्या ट्रकच्या मागे घुसायचं असतं. आम्ही पूर्ण लांबी घेतली. कधीही कमी करू दिली नाही.

वाट खुली करण्याआधी मी आणि पोलीस निरीक्षक एका लहान मोटारीतून तिच्यावरून फिरलो. मोठ्या गाडीतून नको, कारण तिचा चालक उंच बसतो. तेव्हाच पाऊस पडून गेला होता. दिवसा कोरड्या रस्त्यावर सगळं स्वच्छ दिसत होतं. जुने पांढरे पट्टे काळ्या रंगाने झाकलेले, नवे पट्टे ठळक. ओल्या रस्त्यावर हेडलाइट पडले आणि तेच काळे पट्टे चकाकू लागले. नव्या पट्ट्यांपेक्षा जास्त. समोर दोन वाटा दिसत होत्या आणि त्यातली चुकीची थेट काँक्रीट बॅरिअरकडे जात होती. निरीक्षक म्हणाले, ‘मॅडम, हे मला माहीत असूनही माझा हात तिकडे वळतोय.’ खुली करण्याची वेळ दोन तास पुढे ढकलली, ग्राइंडिंग मशीन आणलं आणि जुने पट्टे पृष्ठभागासकट खरवडून काढले. काळा रंग मारून पट्टे झाकणं तेव्हापासून आमच्या कामावर बंद. हे एवढं एकच वाक्य कोणी या लेखातून घेतलं तरी चालेल: नवी वाट रात्री, ओल्या रस्त्यावर, स्वतः चालवून बघा. पाऊस नसेल तर टँकरने पाणी मारा.

सोमवार सकाळ वाईट गेली. रांग अंदाजापेक्षा लांब होती, फोन थांबत नव्हते, वरिष्ठांचे निरोप येत होते. मंगळवारीही तसंच. त्या दोन दिवसांत आराखडा बदला, लेन परत द्या असा दबाव सर्वांत जास्त असतो आणि नेमकं तेव्हाच हात न लावणं महत्त्वाचं असतं. गुरुवारपासून रांग आखडू लागली. पुढच्या आठवड्यात सकाळची गर्दी पसरली. काहीजण लवकर निघू लागले, काहींनी समांतर रस्ता धरला, काही फेऱ्या झाल्याच नाहीत. रस्त्याची जागा कमी केल्यावर काही वाहतूक अक्षरशः नाहीशी होते, हे जगभरच्या अनेक ठिकाणच्या मोजणीत दिसलं आहे. जुलै २०११ मध्ये लॉस एंजेलिसच्या ४०५ फ्रीवेचा सुमारे सोळा किलोमीटरचा पट्टा, एका पुलाचा अर्धा भाग पाडण्यासाठी, शनिवार-रविवार बंद ठेवला होता. शहर ठप्प होईल असं आधी आठवडेभर बोललं गेलं. लोक घरीच राहिले, रस्ते ओस पडले आणि काम ठरलेल्या वेळेच्या आधी आटोपून रविवारी दुपारच्या सुमारासच फ्रीवे खुला झाला. त्यामागे मोठी पूर्वसूचना होती, हे विसरू नये. आम्हीही प्रत्येक बदलाच्या तीन आठवडे आधीपासून त्याच जागेवर तारीख आणि वेळ लिहिलेले मोठे फलक लावायचो. 'काम चालू, गैरसोयीबद्दल क्षमस्व' या फलकाने कोणाला काहीच कळत नाही. 'शनिवार रात्री ११ पासून हा रॅम्प बंद, पुढच्या निर्गमाने जा' हे कळतं.

रोजच्या कामात माझं सर्वांत जास्त लक्ष रांगेच्या शेपटीकडे असायचं. गंभीर धडका कामाच्या जागेत कमी आणि त्याच्या अलीकडे, थांबलेल्या रांगेच्या शेवटच्या गाडीला मागून जास्त होतात. पूर्वसूचनेचा फलक जागेवर ठोकलेला असतो आणि रांग वाढत वाढत त्याच्या मागे जाते. मग शेवटच्या गाडीला पाठी काहीच संरक्षण राहत नाही. त्यासाठी बाणाचा फलक आणि मागे धक्का झेलणारी गादी लावलेला एक ट्रक आम्ही फक्त रांगेच्या शेपटीमागे सरकत राहायला ठेवला होता. कडेच्या पट्टीने मागे मागे जात चालक रेडिओवर रांग कुठवर आली ते सांगायचा. या ट्रकचा महिन्याचा खर्च बघून दोनदा तो काढून टाकायचा प्रस्ताव आला. दोन्ही वेळा पोलिसांच्या अपघात नोंदी पुढे ठेवल्या. एका पहाटे भरधाव टेम्पो त्या गादीवर आदळला. टेम्पोचा चालक खरचटण्यावर निभावला. समोर थांबलेल्या मोटारीत दोन मुलं होती. त्यानंतर प्रस्ताव आला नाही.

जुना पूल पाडायची रात्र एका एप्रिलमध्ये आली. ब्रेकरने फोडण्यापेक्षा डायमंड सॉने स्लॅब कापून तुकडे क्रेनने उचलायचे, असं ठरलं होतं. फोडलं तर ढिगारा खालच्या महामार्गावर पडतो आणि साफसफाईतच पहाट होते. तरीही खाली वाळूचा थर आणि त्यावर जाड मॅट टाकल्या, कारण पडलेला एखादा तुकडाही डांबराला खड्डा पाडतो आणि सकाळी ती लेन देता येत नाही.

रात्रीचा कार्यक्रम दर पंधरा मिनिटांचा लिहिलेला होता. त्यात एक ओळ लाल रंगात होती: 'रात्री १:४५, पुढे जायचं की थांबायचं.' तोवर पहिला गाळा मोकळा झाला नसेल तर दुसऱ्याला करवत लावायची नाही, सगळं बांधून ठेवायचं आणि रस्ता खुला करायचा. हा निर्णय कोण घेणार तेही नावानिशी लिहिलेलं होतं, आणि त्या व्यक्तीला त्या रात्री दुसरं काही काम दिलं नव्हतं. रात्री एकच्या सुमाराला वारा वाढला. क्रेनची वाऱ्याची मर्यादा असते, त्यापुढे उचल करायची नाही. दहा मिनिटं थांबलो, पंधरा झाली, वीस झाली. सगळे आकाशाकडे बघत होते आणि ऑपरेटर दादा केबिनमध्ये वाऱ्याच्या मीटरकडे. मीटर खाली येईपर्यंत मी जे जागेपण अनुभवलं ते आधी कधी अनुभवलं नव्हतं. १:४५ ला पहिला गाळा खाली होता, पण जेमतेम. आम्ही दुसरा त्या रात्री घेतला नाही. पुढच्या शनिवारी घेतला. त्यामुळे एक जादा रात्र, पोलीस बंदोबस्ताचं जादा शुल्क आणि क्रेनचं जादा भाडं लागलं. अंदाजपत्रकात दोन राखीव रात्री धरल्या होत्या, म्हणून नव्याने मंजुरीला जावं लागलं नाही. राखीव रात्री धराच, आणि त्यांची पोलीस परवानगीही आधीच काढून ठेवा.

त्यानंतरचा वर्षभराचा काळ लांबलचक आणि एकसुरी होता. खांब, खांबांवरच्या टोप्या, गर्डर, स्लॅब. त्यातलं सांगण्याजोगं थोडंच. बंद पडलेली गाडी पंधरा मिनिटांत न हलवली तर रांग तासभर मोडत नाही, म्हणून टोइंग ट्रक फुकट आणि चोवीस तास ठेवला. पैसे मागितले की लोक घासाघीस करतात आणि तोवर मागे रांग वाढते. रुग्णवाहिका चालकांसाठी आम्ही अधिकृत नकाशे पाठवत होतो, पण ते उपयोगी पडत नाहीत असं एका चालकानेच सांगितलं. ‘ताई, नकाशा बघायला वेळ कुठे? आज कुठला रॅम्प उघडा तेवढं एका ओळीत सांगा.’ तेव्हापासून रोज संध्याकाळी सहा वाजता एक ओळ त्यांच्या नियंत्रण कक्षाला जायची. पायी जाणाऱ्यांचा मार्गही प्रत्येक टप्प्याच्या आराखड्यात काढून घ्या. नाहीतर माणसं बॅरिअर ओलांडून जातातच, कारण पलीकडे त्यांना जायचंच असतं.

रात्रपाळीच्या माणसांचा थकवा हा विषय मला आधी कोणी सांगितला नव्हता. सलग रात्री काम केलेला फ्लॅगमन पहाटे चारच्या सुमाराला उभ्या उभ्या डुलक्या घेतो, आणि तो बॅरिअरच्या बाहेरच्या बाजूला उभा असतो. आम्ही दोन तासांनी जागा बदलायला लावली आणि त्याला नेहमी सुटायला वाट राहील अशा ठिकाणीच उभं केलं. गाड्यांकडे पाठ करायची नाही, हा नियम रोज रात्री पाळी सुरू होताना म्हणून घ्यायचो. एक तरुण मुलगा त्यावर वैतागायचा. रोज तेच काय, म्हणायचा. महिन्याभराने नव्या मुलांना तोच ते सांगत होता.

शेवटच्या वर्षात कागद पुन्हा वाढले. वजनाचे ट्रक उभे करून पुलाची भारचाचणी झाली, वाक मोजला, चोवीस तास भार ठेवून पुन्हा मोजला. मग स्वतंत्र टीमचं सुरक्षा ऑडिट. त्यांनी एका रॅम्पच्या निर्गम फलकाबद्दल हरकत घेतली. तो वळणानंतर दिसत होता, म्हणजे ठरवायला वेळ उरत नव्हता. फलकाची चौकट तयार होऊन आली होती, तरी तिचा पाया पुन्हा अलीकडे घेतला. उद्घाटनाची तारीख पुढे गेली. नाराजी झाली.

रॅम्प एकदम न उघडता एकेक करून, दोन आठवड्यांच्या अंतराने उघडले. इथेही तोच सवयीचा प्रश्न. पहिल्या सकाळी अनेकजण जुन्या लूपच्या जागेपाशी हळू होत होते, जिथे आता फक्त कुंपण होतं. तिथे महिनाभर फ्लॅगमन ठेवला. आणि तात्पुरते फलक काढायला एक वेगळी टीम आणि वेगळी यादी ठेवा. काम संपल्यावर उरलेला एक 'वळण पुढे' फलकसुद्धा लोकांना गोंधळात टाकतो. आम्ही प्रत्येक तात्पुरत्या फलकाला पहिल्या दिवसापासून क्रमांक दिला होता, म्हणून शेवटी कोणते राहिले ते मोजता आलं.

खुलं झाल्यावर तीन महिन्यांनी त्याच पद्धतीने, तेवढ्याच दिवसांची मोजणी केली. दोन लूपच्या मधली कोंडी गेली आहे. सरळ जाणाऱ्यांचा वेग संध्याकाळीही टिकतो. मात्र एका नव्या रॅम्पवर संध्याकाळी अजून रांग लागते, कारण पलीकडचा सिग्नल आता पूर्वीपेक्षा जास्त गाड्या झेलतो आहे. तो सिग्नल आमच्या हद्दीबाहेर आहे. मोजणीचे आकडे, वेळांचा सुचवलेला तक्ता आणि जागेचं रेखाचित्र जोडून त्या खात्याला पत्र दिलं आहे. पोहोच मिळाली आहे आणि पुढच्या महिन्याच्या समन्वय बैठकीत तो विषय घेतला आहे. ठेकेदाराचा दोष-दायित्व काळ, म्हणजे निघालेले दोष त्यानेच दुरुस्त करायचा काळ, चालू आहे, त्यामुळे एक्सपान्शन जॉइंटची, म्हणजे पुलाच्या प्रसरणासाठी ठेवलेल्या सांध्यांची, पाहणी दर तीन महिन्यांनी होईल. पहिल्या पाहणीत एका जॉइंटचा रबर सुटलेला निघाला. तो बदलायला एका रात्रीचा एका लेनचा ब्लॉक लागेल, आणि त्याचा अर्ज मी काल पाठवला.